बाळूसाठी घर शोधतेय: प्रौढ विशेष व्यक्तींच्या निवासी संस्थेत नेमकं काय बघायचं?

चाफेकळी (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार. बरीच वर्षं या मंचावर वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ बाळू, वय ४३. बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर ७५ टक्के, म्हणजे मध्यम. बोलतो, पण अनोळखी माणसाला निम्मंच कळतं. आंघोळ स्वतः करतो, साबण मात्र पुढे ठेवावा लागतो. पैसे, वेळ, रस्ता यांतलं काही नाही. लहानपणी फिट यायच्या, औषध अजून चालू आहे. आणि संध्याकाळी सहाला नळाला पाणी आलं की घरातल्या सगळ्या बाटल्या तो भरतो. एकोणीस बाटल्या. कुणी मध्ये हात घातलेला चालत नाही.

आई दीड वर्षापूर्वी गेली. बाबा ७८, दोघं कल्याणला राहतात. मी डोंबिवलीत, वन बीएचके, नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी. मार्चमध्ये बाबा मोरीत पडले. दाराला आतून कडी. बाळूने त्यांच्या डोक्याखाली उशी ठेवली आणि शेजारी बसून राहिला. दोन तास. मध्ये पाणी आलं तेव्हा उठला, बाटल्या भरल्या, परत येऊन बसला. शेजाऱ्यांना हाक मारायची हे त्याला सुचलंच नाही. बाबा वाचले, खुब्याचं ऑपरेशन झालं. पण त्या दिवसापासून बाबांनी एकच धोशा लावलाय, मी असतानाच याची सोय बघ.

दोन महिन्यांत तीन ठिकाणं पाहिली. नावं घेत नाही. एक तर इतकं चकाचक, की आधी मलाच तिथं राहावंसं वाटलं. दर्शनी हॉलमध्ये पाहुण्यांबरोबरचे फोटो, संगणक कक्ष, संगीत कक्ष. संगणकांवर प्लॅस्टिकची कव्हरं आणि कव्हरांवर धूळ. सगळ्यांना एकसारखे निळे ट्रॅकसूट. मोठ्या खोलीत पंधराएक जण भिंतीला टेकवलेल्या खुर्च्यांवर ओळीने बसलेले, समोर टीव्ही चालू, आणि टीव्हीकडे एकाचंही लक्ष नाही. संडास-बाथरूम बघू म्हटलं तर "आत्ता सफाई चालू आहे, पुढच्या वेळी". पहिले तीन महिने घरच्यांनी भेटायचं नाही, म्हणजे तो "सेट" होतो. नंतर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ११ ते १. तीन लाख डिपॉझिट, महिना १८ हजार.

बाहेर पडले तेव्हा काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. नवरा म्हणाला, तुला कुठलीच जागा पसंत पडणार नाही कारण तुला ठेवायचंच नाहीये. त्यात तथ्य असेलही.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा. जागा चांगली की वाईट हे ओळखायचं कसं?

---

जुना_पिंपळ

ताई, राग मानू नका, पण सख्खी बहीण आणि वडील हयात असताना माणसाला संस्थेत टाकायचं हे मनाला पटत नाही. आमच्या गावाकडे असे दोघं-तिघं होते, सगळं गाव सांभाळायचं.

---

मीनलची_आई

पिंपळराव, गाव सांभाळायचं म्हणजे काय करायचं ते मी जवळून पाहिलंय. चहा पाजायचं, टिंगल करायचं, आणि रात्री तो कुठे झोपला हे कुणी विचारायचं नाही. मुलगी असेल तर त्याहून पुढचं बोलायलाच नको. "टाकायचं" हा शब्दही मागे घ्या.

चाफेकळी, माझी मीनल ३४ वर्षांची आहे, नऊ वर्षं निवासी संस्थेत. आत्ताची तिची दुसरी जागा. पहिल्या जागेत ती दीड वर्ष होती, आणि त्या दीड वर्षाचं ओझं अजून माझ्या डोक्यावर आहे. म्हणून जरा लांबण लावते.

पहिला धक्का केसांचा. तिचे कमरेपर्यंत केस होते, मी रोज तेल लावून दोन वेण्या घालायचे. पहिल्या भेटीला गेले तर बॉयकट. "उवा होतात, सगळ्यांचेच कापतो." मला फोन नाही, तिला तर विचारायचा प्रश्नच नाही. मी गप्प बसले. आता वाटतं तिथेच उठून यायला हवं होतं. पुढच्या भेटीला तिच्या अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी झंपर. मी सहा जोडी कपडे दिले होते, प्रत्येकावर आतून लाल दोऱ्याने नाव घातलेलं. विचारलं तर म्हणे कपडे एकत्र धुतले जातात, हाताला येईल ते घालतो. आतले कपडेसुद्धा. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, कारण माझ्या मते इथेच सगळं कळतं. जिथे माणसाची चड्डी त्याची स्वतःची नसते, तिथे त्याचं काहीच त्याचं नसतं.

मग ती चिडचिड करायला लागली, डोकं आपटायची. त्यांनी मानसोपचारवाल्यांकडून गोळी वाढवून घेतली. दिवाळीत घरी आणली तेव्हा सात किलो वजन उतरलेलं. पोळी तोंडात घेतली की रडायची. दाताच्या डॉक्टरांनी बघितलं तर खालच्या दोन दाढा किडून आत पू झालेला. डोकं आपटत होती ती दाढेच्या कळेनं, आणि आम्ही तिला झोपेच्या गोळ्या देत होतो. डॉक्टर म्हणाले हे नेहमीचं आहे. बोलता न येणाऱ्या माणसाचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं, आणि बघणारे म्हणतात की हे त्याच्या मतिमंदपणातूनच आलंय.

आताच्या जागेत दर महिन्याच्या एक तारखेला वजन करतात आणि वहीत लिहितात. साधी दोनशे पानी वही. मी गेले की आधी ती वही मागते.

---

रात्रपाळी

मी सहा वर्षं अशा एका संस्थेत काळजीवाहक होतो. शिक्षण दहावी, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील.

ताई तुम्ही दुपारी बारा वाजता गेला असणार. बारा वाजता सगळ्या संस्था चांगल्या असतात. तेव्हा शिक्षक असतात, सोशल वर्कर असतात, ऑफिस असतं. साडेपाचला हे सगळे घरी जातात. मग आम्ही. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ मी आणि एक मावशी, मुलं बेचाळीस. मावशी मुलींकडे, मी मुलांकडे, बावीस जणांना एकटा. त्यातले चार अंथरूण ओलं करणारे, दोघांना फिट येणाऱ्या. एकाला फिट आली की बाकीच्या एकवीस जणांना बघायला कोणी नाही. म्हणून बाहेरून कडी. तुम्ही म्हणाल कडी लावणं वाईट. वाईटच आहे. पण मला सांगा मी काय करायचं होतं.

जेवण साडेसहाला. भूक लागते म्हणून नाही, स्वयंपाकीण सातच्या गाडीने जाते म्हणून. साडेसहापासून सकाळी आठच्या चहापर्यंत पोटात काही नाही. रात्री भुकेनं उठून बसणारे असायचे. मी घरून पार्ले न्यायचो.

गोळ्यांचं सांगतो. डब्यात पुड्या करून ठेवलेल्या असायच्या, कोणती कुणाची ते मला चेहऱ्यावरून माहीत. मी सुट्टीवर गेलो की बदलीवाल्याला कुठून माहीत असणार. "जास्त त्रास दिला तर अर्धी जादा दे" असं तोंडी सांगितलेलं. कागदावर काही नाही.

तुम्ही जाल तेव्हा दोन गोष्टी बघा. सकाळी नऊच्या आत जा आणि टूथब्रश बघा. ओला आहे का कोरडा. ब्रशवर नावं आहेत का. आणि पायाची नखं. हाताची नखं सगळेच कापतात, भेटीला येणाऱ्याला दिसतात म्हणून. पायाची कोण बघतं.

पगार नऊ हजार होता. शेवटी सोडून वॉचमनची नोकरी धरली, तिथे बारा मिळतात आणि कोणी अंगावर थुंकत नाही. पण त्यातल्या एकाची आठवण येते. तो मला "माझा पोलीस" म्हणायचा.

---

अवंती_क

रात्रपाळी, हात जोडते तुम्हाला.

---

कायद्याचं_बोला

भावनेचं बरंच झालं, मी जरा कागदांचं सांगतो. कंटाळवाणं आहे पण उपयोगी पडेल.

पहिलं, नोंदणी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ (१९ एप्रिल २०१७ पासून लागू) प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. हे प्रमाणपत्र मागा. "आमचा ट्रस्ट रजिस्टर्ड आहे" हे उत्तर नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी वेगळी आणि ही वेगळी. निम्म्या पालकांना न्यासाचा कागद दाखवून परत पाठवलं जातं. प्रमाणपत्राची मुदतही बघा.

दुसरं, पालकत्व. आई-वडील मुलाचे नैसर्गिक पालक १८ वर्षांपर्यंतच. बाळू ४३ चा आहे, म्हणजे तुमचे बाबा कायद्याने गेली २५ वर्षं त्याचे पालक नाहीत, जर त्यांनी वेगळं पालकत्व घेतलं नसेल तर. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अध्यक्ष जिल्हाधिकारी. बाबा आहेत तोवरच अर्ज करा, आणि त्यात तुमचं नाव घालता येतं का ते विचारा. पालक झालात की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हे कुणी करत नाही, तुम्ही करा.

याच न्यासाचा 'निरामय' आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, बाह्यरुग्ण खर्चही त्यात येतो. प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी 'घरौंदा' नावाची योजनाही आहे. तिच्याखालची संस्था जवळ आहे का ते बघा.

तिसरं, प्रवेशाच्या वेळी करारनाम्यावर सही घेतात त्यातलं प्रत्येक कलम वाचा. मी असा एक करारनामा पाहिलाय ज्यात लिहिलं होतं की "लाभार्थ्याच्या अपघाती अथवा आकस्मिक मृत्यूस संस्था जबाबदार राहणार नाही." हे कलम खोडायला लावा. खोडत नसतील तर जागा बघायचं थांबवा.

---

सदू_खोत

मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये पण आलंय ना सगळं? येरवड्यासारख्या ठिकाणी सरकारी सोय असते की.

---

कायद्याचं_बोला

सदूभाऊ, नाही. २०१७ च्या कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यातून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळलंय. आजार बरा होऊ शकतो, त्याला उपचार असतात. बाळू आजारी नाही. मनोरुग्णालय ही त्याची जागा नव्हे, आणि तसं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

---

लीड्सकर

मूळ कोल्हापूरचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडमध्ये याच क्षेत्रात काम करतो. "तिकडे सगळं छान असतं" असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, नाही.

२०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी रुग्णालयात बीबीसीचा वार्ताहर काळजीवाहक म्हणून नोकरीला लागला आणि छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. कर्मचारी रुग्णांना खुर्चीखाली दाबून धरताहेत, कपड्यांसकट गार पाण्याखाली उभं करताहेत. अकरा जण दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. तिथलं शुल्क आठवड्याला सरासरी ३५०० पौंड होतं. तेव्हा महाग जागा म्हणजे चांगली जागा हे डोक्यातून काढा. आणि कार्यक्रम येण्याआधी तिथल्याच एका नर्सने तक्रार लिहून दिली होती, तपासणी यंत्रणेपर्यंत ती पोचलीही होती. कुणी तिचा पाठपुरावा केला नाही.

तरी एक गोष्ट इथली खरोखर घेण्यासारखी आहे. तपासणीला माणसं न सांगता येतात, आणि त्यांचा अहवाल कुणालाही वाचता येतो. संस्थेला मिळालेली श्रेणी दारातच लावावी लागते, वाईट असली तरी. २०१५ पासून तसा नियमच आहे. आपल्याकडे तपासणी होते, पण तिचा कागद पालकाच्या हाताला लागत नाही.

आणखी एक. वर सगळेजण "मुलं" म्हणताय. बावन्न वर्षांचा माणूस मुलगा कसा? इथे मला पहिल्याच आठवड्यात यावरून टोकलं होतं. तेव्हा राग आला, आता पटतं. मुलगा म्हटलं की त्याला विचारायची गरज उरत नाही. कुठला शर्ट, कधी झोपायचं, कुणाशेजारी बसायचं, काहीच विचारावं लागत नाही.

---

रात्रपाळी

साहेब आम्ही मायेने म्हणतो मुलं. पण विचारायचो नाही हे खरं आहे. बावीस जणांना विचारत बसलो तर सकाळ होईल.

---

घरधनी

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी आणि बायको मिळून एक छोटी निवासी संस्था चालवतो, २६ जण आहेत. नाव सांगत नाही, जाहिरात वाटेल.

रात्रपाळी म्हणताहेत ते शंभर टक्के खरं आहे. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडतो. दिवसा सहा जणांमागे एक माणूस हवा असेल तर सकाळी चार, संध्याकाळी चार, रात्री दोन. दहा झाले. साप्ताहिक सुट्ट्या भरायला आणखी दोन. बारा माणसं. प्रत्येकी १४ हजार धरले तर १ लाख ६८ हजार, म्हणजे डोई साडेसहा हजार फक्त काळजीवाहकांचे. जेवणखाण दिवसाला शंभर धरा, तीन हजार. मग जागा, वीज, स्वयंपाकीण, धुणं, शिक्षिका, डॉक्टर, डायपर, गाडी. सोळा-सतरा हजार असेच जातात. कुणी सात हजारात ठेवतो म्हणाला तर त्याने माणसं कमी केलेली आहेत. दुसरं कमी करण्यासारखं या धंद्यात काही नसतंच. अनुदानाचं म्हणाल तर १८ वर्षांपर्यंतच्या निवासी शाळांना थोडंफार आहे, त्यानंतर बहुतेक जण वाऱ्यावर. अमरावतीजवळ वझ्झरचे शंकरबाबा पापळकर किती वर्षं कंठशोष करताहेत, की १८ पूर्ण झाली म्हणून बेवारस अपंग मुलांना बालगृहातून बाहेर काढू नका, ती जाणार कुठे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मागणी तिथेच आहे.

आता पालकांचं. प्रवेशाच्या वेळी तुम्ही लोक खोटं बोलता. सगळे नाही, पण बरेच. "एकदम शांत आहे हो." तिसऱ्या रात्री कळतं की तो चावतो. "फिट? लहानपणी एकदा." आणि पिशवीत औषधाच्या तीन पट्ट्या. घेणार नाहीत या भीतीने लपवता, कळतं मला. पण माहीत नसेल तर माझा माणूस त्याला वरच्या मजल्यावरच्या कॉटवर झोपवतो.

आणि मग येणं थांबतं. पहिल्या वर्षी दर महिन्याला, दुसऱ्या वर्षी दिवाळीला, मग फोन, मग तो नंबर अस्तित्वात नाही. माझ्याकडे २६ पैकी ७ जणांना गेल्या वर्षभरात एकही माणूस भेटायला आलेला नाही. त्यातले एक नाना, वय ५८. दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसतात. बायको त्यांना खोटंच सांगते की आज गाड्या बंद आहेत. ते म्हणतात, "मेगाब्लॉक." आणि उठून आत येतात.

---

मीनलची_आई

घरधनी, फिटचं मीही लपवलं होतं. पहिल्या वेळी.

---

अवंती_क

मुलींच्या बाबतीत एक वेगळा मुद्दा, ताईंच्या कामाचा नसेल पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. पाळीचं काय करतात ते स्पष्ट विचारा. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली होती, कारण पाळीत स्वच्छता ठेवता येत नाही म्हणे. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. आणि २०११ मध्ये कळंबोलीच्या बालगृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. मी समाजकार्याची विद्यार्थिनी असताना आम्हाला हे दोन्ही शिकवलं होतं. बाई काळजीवाहक रात्री असते का, आणि पुरुष कर्मचाऱ्याला मुलींच्या मजल्यावर कधी जाता येतं, हे लेखी मागायला लाजू नका.

पिरियडसाठी पुण्यातल्या एका संस्थेत भिंतीवर प्रत्येकीच्या नावाचं कॅलेंडर पाहिलं, लाल टिकल्या लावलेलं. मुली स्वतः टिकली लावतात. एक जण दर रोज लावायची, तिला टिकल्या आवडायच्या म्हणून.

---

जुना_पिंपळ

परवा जे लिहिलं त्याबद्दल माफी असावी. "टाकायचं" हा शब्द मागे घेतो. रात्रपाळींचं वाचल्यावर झोप लागली नाही. आमच्या गावचा पांडू, त्याचं पुढे काय झालं हे आईला फोन करून विचारलं. तिलाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

---

प्रभा_ठाणे

चाफेकळीताई, तुम्ही डोंबिवलीच्याच आहात तर खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं घरकुल माहीत असेलच. बदलापूरजवळ मूळगावला 'आधार' आहे, पुण्यात मारुंजीला 'नवक्षितिज'. तिन्ही प्रौढांसाठी आहेत. 'आधार' आणि 'घरकुल' तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केलेली. आधी फोन करून जागेची चौकशी करा. जागा नसली तरी एकदा जाऊन बघा, म्हणजे बाकीची ठिकाणं कशाशी ताडून बघायची ते कळेल.

माझा दीर अशाच एका ठिकाणी आहे. डाऊन सिंड्रोम, वय ४७. एक सांगते, डाऊनच्या मंडळींचं थायरॉईड दरवर्षी तपासायला लावा. आणि चाळिशीनंतर विसरायला लागले, जिना उतरायला घाबरायला लागले तर हट्टीपणा समजू नका. यांना स्मृतिभ्रंश फार लवकर गाठतो. आमच्या संस्थेतल्या मावशींनीच ते आधी ओळखलं, आम्हाला कळलं नव्हतं. तो रोज आरतीला टाळ घेऊन पहिला उभा राहायचा, एक दिवस टाळ हातात घेऊन त्याकडे बघतच राहिला. मावशींनी त्याच दिवशी वहीत लिहिलं. मावशी तिथे चौदा वर्षं आहेत. माणसं किती वर्षं टिकून आहेत हे विचारा. इमारतीचं काय घेऊन बसलात.

---

चाफेकळी (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही. बाबांची फिजिओथेरपी, लेकीचे क्लास.

त्या चकाचक ठिकाणी परत गेले. न सांगता, संध्याकाळी सातला. रिक्षावाला थांबायला तयार नव्हता, जादा पैसे दिले. गेटवर अर्धा तास उभी. "मॅडम नाहीत, उद्या या." आतून कुणीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होतं. मला वाटतं "आई" होता. खात्री नाही. परत आले.

मग दुसरीकडे गेले. कुठे ते लिहीत नाही, वर नाव आलेल्यांपैकी नाही, आणि घरधनी, तुमचंही नाही बहुतेक! जुनी बैठी इमारत, पत्र्याची शेड, रंग उडालेला. तिथेही सातलाच धडकले. दार एका गृहस्थांनी उघडलं, पन्नाशीचे, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. मला वाटलं व्यवस्थापक. "चप्पल इथे. पाणी पिणार?" असं विचारलं. ते तिथेच राहणारे होते, जुडग्यातली एकही किल्ली कुठल्याच कुलपाची नव्हती. आत कुणी भाजी निवडत होतं, दोघं कॅरमवरून भांडत होते, एक जण कॉटवर पाठ करून पडला होता आणि त्याला कुणी उठवत नव्हतं. वास होता, खोटं कशाला सांगू. लघवीचा आणि फोडणीचा, दोन्ही. ब्रश बघायचे आहेत म्हटल्यावर बाई हसल्या, पण घेऊन गेल्या. नावं होती. तीन कोरडे होते. "हे तिघं राखुंडीवाले, ब्रश तोंडात घालू देत नाहीत", त्यांच्या डब्या दाखवल्या. पायाची नखं विचारायचं धाडस झालं नाही, पण सगळे अनवाणीच होते, दिसली.

रात्री किती माणसं, विचारलं. तीस जणांना दोन. "तीन हव्यात, मिळत नाहीत," असं त्यांनी स्वतःच सांगितलं. भेटायला कधी येऊ? "जेवायच्या वेळेला येऊ नका, सगळे तुमच्या ताटात हात घालतील. बाकी कधीही." नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं, मुदत संपत आलीय, नूतनीकरणाला पाठवलंय. करारनाम्यातलं एक कलम मी खोडलं, त्यांनी शेजारी सही केली. मी फिट, चिडणं, रात्री उठणं, सगळं लिहून दिलं. पानभर झालं. बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "हे त्रासाचं झालं. त्याला आवडतं काय?"

मला पटकन सांगता येईना. मग बाटल्यांचं सांगितलं.

पालकत्वाचा अर्ज भरलाय. बाळूला आधी पंधरा दिवसांसाठी ठेवायचं ठरलं. सोमवारी सोडून आलो. बाबा रिक्षातून उतरलेच नाहीत. तो आत गेला, मागे वळून बघितलं नाही, त्याचं मला जास्त लागलं.

---

मीनलची_आई

वळून बघत नाहीत गं. रात्री शोधतात. दोन-तीन दिवस जातील, फोन करत राहा. आणि तू जेव.

---

रात्रपाळी

ताई, रात्रीच्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि त्याला नावाने हाक मारा. पुढच्या वेळी जाताना त्याच्यासाठी पण काहीतरी न्या. लाच म्हणून नाही.

---

सदू_खोत

अवांतर: ते डिपॉझिट परत मिळतं का? बायकोच्या भावासाठी विचारतोय.

---

कायद्याचं_बोला

सदूभाऊ, करारनाम्यात लिहिलेलं असेल तरच. व्यक्तिगत निरोप करा, मसुदा पाठवतो.

---

चाफेकळी (गुरुवार, रात्री ९:१५)

मंगळवारी फोन केला, बोलायलाच आला नाही. बुधवारी आला, नुसता श्वास ऐकू येत होता. बाई म्हणाल्या जेवला अर्धाच, झोपला दोनला, ते किल्लीवाले काका त्याच्या कॉटशेजारी खाली अंथरूण टाकून झोपले होते, कुणी सांगितलं नव्हतं.

आज सहा वाजून पाच मिनिटांनी फोन केला. मुद्दाम नव्हता केला, तेव्हाच वेळ मिळाला. बाईंनी त्याच्या कानाला लावला. मी म्हटलं, बाळू, मी ताई. मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज.

"पाणी आलंय," म्हणाला. "ठेव."